चित्रकलेच्या मास्तराची जागा

‘कलावंत जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही,’ हे वाक्य सुशिक्षित मराठी समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यामागे कोणाचे हितसंबंध दडले आहेत याची चौकशी करण्याची गरज कोणालाच भासत नाही. वरवर पाहता हे वाक्य कलावंताचा गौरव करते. त्याचा खरा उपयोग होतो तो मात्र अंदाजपत्रक आखताना. कलावंत जन्मावाच लागत असेल तर त्याला घडवणाऱ्या शाळेवर खर्च कशाला, त्या शाळेतील शिक्षकाला पूर्ण पगार कशाला, आणि शिकून बाहेर पडलेल्याला नोकरी तरी कशाला? प्रतिभेची स्तोत्रे गायची आणि प्रतिभावंताच्या पोटाचा प्रश्न त्याच्या दैवावर सोपवायचा, अशी ही सोयीस्कर व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत सापडलेला तरुण कोण, हे आधी नीट पाहिले पाहिजे. बहुधा तो तालुक्याच्या गावाहून आलेला असतो. कोणा मास्तरांनी आग्रह धरला म्हणून शाळेत असतानाच तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेला असतो. बारावीनंतर चार वर्षे बी.एफ.ए., त्यापुढे दोन वर्षे एम.एफ.ए. शाळेत शिकवायचे असेल तर कला शिक्षक पदविकेसारखी वेगळी पात्रता मिळवावी लागते. रंग, कॅनव्हास, माती, प्लास्टर यांचा खर्च निराळाच. घरी कोरडवाहू शेती, नाहीतर सुतारकी किंवा शिवणकाम. मुलीच्या बाबतीत तर इतक्या वर्षांच्या शिक्षणाची परवानगी मिळवणे हीच एक लढाई असते. ही सगळी वर्षे तो तरुण वा ती तरुणी दोनच गोष्टी मनाशी धरून काढते : आपले काम करीत राहायचे आणि शिकवायचे. मागणे याहून मोठे नसते. पदव्युत्तर पदवी हाती पडल्यावर पदरात काय येते? ‘तासिका तत्त्वावर’ मिळालेली काही महिन्यांची नेमणूक. सुटीचा पगार नाही, पुढच्या वर्षाची हमी नाही. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात त्याला प्राध्यापक म्हणतात. वागवतात मात्र रोजंदारीवरील मजुरासारखे.

हा काही मूठभर हौशी मंडळींच्या गाऱ्हाण्याचा विषय नाही. कलावंत होण्याचा अधिकार कोणत्या वर्गातील मुलाला मिळायचा, याचा निकाल चित्रकलेच्या मास्तराच्या जागेवर लागतो. ती जागा गेली की कला पुन्हा ज्यांच्या घरी पिढीजात पैसा आहे त्यांच्या ताब्यात जाते.

साहेब, राजा आणि बाजार

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. इंग्रज सरकारला त्या शाळेतून स्वतंत्र बुद्धीचे कलावंत नको होते. हवे होते ते शिस्तीत काम करणारे कुशल कारागीर. पुढे १८७९ मध्ये रेखांकनाचे शिक्षण हा विषय आला आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. हेतू साम्राज्याच्या सोयीचा होता, यात शंका नाही. परंतु शाळाशाळांतून चित्रकलेचा मास्तर पोचू लागल्याबरोबर सरकारच्या ध्यानीमनी नसलेली एक वाट खुली झाली. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते, पण ज्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते, अशा घरांतील मुले त्या वाटेने येऊ लागली.

ती वाट नसेल तर काय होते, हे अलिबागजवळच्या सासवण्यात समजते. विनायक पांडुरंग करमरकर हे गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरात १८९१ मध्ये जन्मले. गावातल्या भिंतीवर त्यांनी काढलेले चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्या साहेबाच्या कृपेने हा मुलगा जे. जे. मध्ये दाखल झाला. १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याच हातांचा. ही कथा कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील भयानक भाग मात्र कोणी सांगत नाही. त्या दिवशी साहेबाचा दौरा दुसऱ्या गावी असता तर? किनाऱ्यावरच्या इतर गावांत किती भिंतींवर किती चित्रे उमटली असतील आणि पहिल्या पावसात धुऊन गेली असतील? एखाद्याला साहेब भेटतो. बाकीच्यांना मास्तर भेटावा लागतो.

साहेबाच्या कृपेची ही गत, तर राजाश्रयाचीही कथा फार वेगळी नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकलेले, विलक्षण ताकदीचे चित्रकार. शाहू महाराजांसारखा गुणग्राहक राजा त्यांच्या पाठीशी होता. १९२२ मध्ये महाराज गेले आणि आबालालांनी उद्विग्न होऊन आपली चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली, अशी आठवण कोल्हापुरात सांगतात. शाहू महाराजांच्या थोरवीला यात कमीपणा नाही. पण एका माणसाच्या श्वासावर अवलंबून असलेला आश्रय तो माणूस गेल्यावर संपतो, हे सत्य थोर राजालाही चुकवता येत नाही.

उरला बाजार. १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये वारले. आयुष्य त्यांनी विरक्तासारखे काढले. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी भारतीय कलेला सुगीचे दिवस आल्याचे जाहीर केले. ही सुगी कोणाच्या खळ्यावर आली? चित्रकाराला मरून बारा वर्षे झाली होती. त्या कोट्यवधींतून कोणा जिल्हा परिषदेच्या शाळेत रंगपेटी आली नाही, कोणा तासिकेवरील शिक्षकाची नेमणूक पक्की झाली नाही. बाजार कलेची किंमत ठरवतो, परंतु कलावंत घडण्याची वर्षे कोणी पोसायची, हा प्रश्न तो स्वतःला कधीच विचारत नाही.

पगार नावाचा लोकाश्रय

साहेब, राजा आणि बाजार यांच्याखेरीज एक चौथा आधार या देशाने शोधला होता. शिक्षकाचा पगार हा तो आधार. तो कोणाच्या मर्जीचा नव्हता. केलेल्या श्रमाचा मोबदला होता. म्हणूनच तो पाठीचा कणा ताठ ठेवणारा होता.

शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांनी ते उभारले. बांकुड्याच्या एका न्हाव्याच्या घरातला मुलगा तिथे शिकायला आला आणि तिथेच शिक्षक झाला. त्याचे नाव रामकिंकर बैज. १९३८ मध्ये त्यांनी उघड्या आवारात, सिमेंट आणि तांबड्या जांभ्याची खडी वापरून, बिऱ्हाड पाठीवर घेऊन चाललेले एक संथाळ कुटुंब उभे केले. ना देव, ना राजा, ना कोणी देणगीदार. कष्टकरी आदिवासी माणसे, माणसाहून मोठ्या आकारात. त्या काळी असले शिल्प विकत घ्यायला कोणता धनिक पुढे आला असता? ब्राँझ परवडत नव्हते म्हणून सिमेंट आले, आणि गिऱ्हाइकाकडे पाहायचे नव्हते म्हणून संथाळ आले. शिक्षकाची जागा रामकिंकरांच्या पायाखाली होती. म्हणूनच बाजाराकडे पाठ फिरवून उभे राहण्याची हिंमत त्यांना करता आली.

१९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा निघाली. जे. जे. ची पदविका घेतलेले नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला गेले. त्यांच्या हाताखालून तयार झालेल्या पिढीने भारतीय चित्रकलेचा चेहरा बदलला. मुंबईत विदर्भातून आलेले शंकर पळशीकर जे. जे. मध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले आणि १९६८ ते १९७५ या काळात अधिष्ठाता होते. त्यांचे विद्यार्थी आजही त्यांचे नाव गुरुस्थानी घेतात. या सर्वांच्या बाबतीत चित्र काढणे आणि शिकवणे ही दोन परस्परविरोधी कामे नव्हती. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांनी शिक्षकाची नजर धारदार होत होती, आणि शिक्षकाच्या कॅनव्हासवरील धडपड विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसत होती. जो स्वतः काम करीत नाही तो कलाशाळेत काय शिकवणार? आणि ज्याला महिनाअखेरीच्या भाड्याची चिंता आहे तो काम केव्हा करणार? हे दोन प्रश्न एकत्र ठेवले की कायमच्या जागेची मागणी आपोआप सिद्ध होते.

इथे कोणी कृष्णाजी हौळाजी आरा यांचे उदाहरण देईल. घरगडी म्हणून, गाड्या धुऊन दिवस काढलेला हा माणूस कोणत्याही कलाशाळेत न शिकता १९४७ च्या प्रोगेसिव्ह गटातील नामवंत चित्रकार झाला. मग शाळेचे, पदवीचे आणि मास्तराचे एवढे स्तोम कशाला? आरा यांच्याविषयी आदर बाळगूनच उत्तर दिले पाहिजे. त्यांनाही जाणत्या कलासमीक्षकाची नजर पडावी लागली. म्हणजे पुन्हा साहेबाच्या दौऱ्यासारखाच योगायोग. वणव्यातून एक झाड वाचले म्हणून वणवा हे वनसंवर्धनाचे धोरण ठरत नाही.

कायद्यातील एक शब्द

स्वातंत्र्योत्तर काळात कष्टाने उभारलेला हा चौथा आधार आता कसा मोडला जात आहे, हे पाहण्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा उघडावा. त्याच्या कलम २९ मध्ये बालकाच्या सर्वांगीण विकासाचा उल्लेख आहे. वाचून समाधान वाटते. मग त्याच कायद्याची अनुसूची वाचावी. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना शिक्षक सांगितले आहेत. पटसंख्या शंभरावर गेली तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. आणि त्याच शंभरावरच्या शाळेत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक. मुख्याध्यापक पूर्णवेळ, कला, क्रीडा आणि हाताचे काम अर्धवेळ. शंभर किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेला तर तो अर्धवेळ माणूसही सांगितलेला नाही. पहिली ते पाचवीच्या रकान्यात कलेचा शिक्षक नावालाही नाही.

महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शंभराच्या रेषेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मुलाच्या घरी रंग नाही, आसपास चित्रशाळा नाही, त्याच्याच शाळेतून मास्तर काढून घेतला गेला. उलट शहरातील भरमसाट शुल्काच्या खाजगी शाळांत चित्रकलेची स्वतंत्र दालने आहेत, मातीकामाची चाके आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि इतर विषय यांत उच्चनीच भेद नसावा, असे आकर्षक शब्द लिहिले आहेत. शब्दांना पैसे पडत नाहीत. भेद खरोखर मिटवायचा असेल तर अनुसूचीतील ‘अंशकालीन’ हा एक शब्द खोडावा लागेल, आणि त्या खोडण्याला पैसे पडतात.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे विचारलेला सवाल इथे जसाच्या तसा उभा राहतो. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते, आणि तिच्यातून मिळणारे शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जाते, असे त्यांचे म्हणणे होते. आज कलेच्या बाबतीत तेच घडत आहे.

उच्च शिक्षणात हाच डाव निराळ्या पद्धतीने खेळला जातो. कलामहाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर एम.एफ.ए. नंतर नेट ही परीक्षा. २०१२ पासून तिचे सर्व प्रश्न बहुपर्यायी आहेत. ज्याच्या हातून रेषा उमटते की नाही हे पाहायचे, त्याला चार पर्यायांतून एक निवडायला सांगायचे, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याला कला म्हणजे माहितीचे गाठोडे वाटत असणार. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत व्यावसायिक कलावंतासाठी वेगळी वाट ठेवली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिथे प्रदर्शनांचा वगैरे अनुभव दाखवावा लागतो. दालनाचे भाडे, चौकटी, वाहतूक आणि माहितीपत्रक यांचा खर्च तासिकेच्या मानधनातून भागत नाही. तेव्हा ही वाटही शेवटी ऐपतवाल्यांच्याच अंगणातून जाते. आणि इतके दिव्य करून पात्र ठरलेल्याला कायमची जागा कुठे आहे? २०२३ मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद जरूर मानावा. पण दर्जा वाढला की शुल्क कोण ठरवणार, सासवण्यासारख्या गावातील मुलाला ते पेलणार का, आणि शिक्षकांच्या नेमणुका कायम स्वरूपाच्या होणार की करारावरच्या, या तीन प्रश्नांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागेल.

आपल्याच घरातील आक्षेप

सर्वांत अवघड आक्षेप सत्ताधाऱ्यांकडून येत नाही. तो चळवळीच्या बैठकीतून येतो. शाळेला छप्पर नाही, गणिताला शिक्षक नाही, पोरांना दुपारचा आहार धड मिळत नाही आणि तुम्ही चित्रकलेचे काय घेऊन बसलात? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टोलवाटोलवीचे उत्तर चालणार नाही.

पहिली गोष्ट, छप्पर की चित्रकला अशी निवड गरिबालाच करायला लावणे हीच या व्यवस्थेची चलाखी आहे. श्रीमंताच्या मुलाला ही निवड कोणी करायला सांगत नाही. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या कामगारांनी उरलेल्या वेळावर हक्क सांगितला होता, तो केवळ झोपेसाठी नव्हता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या समाजाने हजारो वर्षे हात आणि डोके यांची फाळणी केली. तोंडाने पाठ म्हणणारा श्रेष्ठ. माती कालवणारा, लाकूड तासणारा, कातडे कमावणारा हीन. जातिव्यवस्थेचा हा पाया शाळेने मोडायला हवा होता. प्रत्यक्षात पाठांतराच्या शाळेने तो नव्याने बांधला. आठवड्यातून दोनदा होणारा चित्रकलेचा तास ही त्या पाठांतराच्या राज्यातील एकमेव जागा होती, जिथे कुंभाराच्या मुलाचा हात वकिलाच्या मुलाच्या हाताहून सरस ठरू शकत होता आणि साऱ्या वर्गाला ते दिसत होते. हा तास चैनीचा नव्हता. हाताच्या श्रमाला वर्गात प्रतिष्ठा देणारा तो तास होता. चित्रकलेला, कार्यानुभवाला आणि क्रीडेला कायद्याने एकाच रांगेत अर्धवेळ बसवले, हा योगायोग मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या तीन विषयांत मूल हातपाय वापरते, नेमके तेच तीन विषय दुय्यम!

तिसरी गोष्ट कटू आहे. चळवळीला चित्रकाराची आठवण केव्हा येते? मोर्चाच्या आदल्या रात्री. फलक रंगवायचे असतात, कापड आणलेले असते, चहा पाजायची तयारी असते. मोबदल्याचा विषय निघत नाही, कारण तो ‘आपला माणूस’ असतो. ज्या संघटना रोजंदारीच्या प्रत्येक पैशाचा हिशेब मागतात, त्यांनाही कुंचल्याचे श्रम हे श्रम वाटत नाहीत. पुढे फ्लेक्स आले. गावोगावच्या नाक्यावर पाट्या रंगवून घर चालवणारे, फावल्या वेळात चित्रे काढणारे शेकडो पेंटर उघड्यावर पडले. त्यांच्या बाजूने कोणता मोर्चा निघाला? उलट मोर्च्यांतच फ्लेक्स झळकू लागले. ज्या चळवळीने कलावंताला कामगार मानले नाही, तिला त्याची जागा गेल्याचे कळणार तरी कसे?

काय मागायचे?

तक्रारीचे रूपांतर मागणीत झाले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतून ‘अंशकालीन’ हा शब्द काढून कला, क्रीडा आणि कार्यशिक्षण यांना पूर्णवेळ शिक्षक द्यावेत, ही पहिली मागणी. लहान शाळांना स्वतंत्र शिक्षक परवडत नाही, अशी सबब पुढे येईल. त्यासाठी केंद्रशाळेच्या पातळीवर पूर्णवेळ, पूर्ण वेतनाचा कलाशिक्षक नेमून त्याच्याकडे आसपासच्या चार-पाच शाळा सोपवता येतील. वाडीवरच्या मुलाला मग मास्तराची वाट पाहण्याचा एक ठरलेला वार तरी मिळेल. अनुदानित शाळांतील चित्रकला शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा मुकाट्याने गोठवण्याचा प्रकार बंद व्हावा, ही दुसरी. कलामहाविद्यालयांतील रिक्त पदे कायम नेमणुकीने भरावीत आणि तोवर तासिकेवरील शिक्षकांना समान कामाचे समान वेतन द्यावे, ही तिसरी. पदव्युत्तर कलाशिक्षण घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत रंग, कॅनव्हास, माती, दगड यांचा खर्च धरला जावा आणि जिल्ह्याबाहेरून येणाऱ्यांना वसतिगृह मिळावे, ही चौथी.

या मागण्या केवळ कलाशिक्षकांच्या संघटनांनी करायच्या आणि बाकीच्यांनी सहानुभूतीचे ठराव करायचे, असे चालणार नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, कंत्राटी सफाई कामगार आणि तासिकेवरील कलाशिक्षक यांना एकाच हत्याराने कापले जात आहे. काम कायमचे, माणूस मात्र तात्पुरता, हे ते हत्यार. म्हणून त्यांचा लढाही एकच असला पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या महिन्याभरात एक साधे काम करावे : आपल्या भागातील शाळांत चित्रकलेचा शिक्षक आहे की नाही, असल्यास पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि जागा रिकामी असल्यास केव्हापासून, याची यादी तयार करावी. ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि गावसभेच्या फळ्यावर, दोन्हीकडे लागावी.

सासवण्याच्या भिंतीवरचे चित्र पाहायला साहेब आला होता, याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. साहेबाचे राज्य गेले. जे आले ते लोकांचे राज्य आहे, असे म्हणतात. त्या राज्यात भिंतीवर चित्र काढणाऱ्या पोराने अजूनही कोणा थोरामोठ्याच्या दौऱ्याची वाट पाहायची असेल, तर राज्य कोणाचे, हा सवाल त्या पोराच्या वतीने विचारावाच लागेल.